साठ पानांचा कॅट

पत्ते आपल्याला नवे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत, पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी, लग्नघरच्या जागरणाला कुठे झब्बू चाललेला असतो, कुठे बदामसत्ती, कुठे पाच-तीन-दोन. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तर १२० गोल पानांची, दहा अवतारांच्या दहा रंगांची. या सगळ्या खेळांत एक गोष्ट सारखी आहे. कॅट एकच असतो. तो पिसायचा, काटायचा आणि सर्वांना वाटायचा. हातात काय येईल ते नशीब, आणि आलेले पान कसे टाकावे ते कसब.

आज ज्या खेळाविषयी सांगायचे आहे, त्यात ही पहिली अटच बदललेली आहे. इथे दोन भिडू समोरासमोर बसतात आणि प्रत्येकजण आपला कॅट घरूनच बांधून आणतो. त्यात कोणती पाने घालायची आणि कोणती गाळायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे अर्धा खेळ डाव मांडण्यापूर्वीच झालेला असतो.

शिक्षक मित्रांनो, मुलांच्या दप्तरात तुम्ही ही पाने पाहिली असतील. एखाद्यावर पिवळ्या उंदरासारखा प्राणी असतो, एखाद्यावर शेपटीला ज्योत असलेला नारिंगी प्राणी. त्यांना पोकेमॉन म्हणतात. मुले ही पाने जमवतात, अदलाबदल करतात, प्रसंगी त्यावरून भांडतातही. पण ती खेळ म्हणून खेळणारी मुले थोडी. आणि खेळ ठाऊक नसला म्हणजे उरते ते नुसते जमवणे. जमवण्याला अंत नसतो. कॅटाला मात्र साठाव्या पानाशी अंत असतो. म्हणून हा खेळ मुलांनी नीट शिकावा आणि मोठ्यांनी तो निदान समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे बोलणे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. पाने जमवून आपापला कॅट बांधण्याचा आजच्या धर्तीचा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि तो रचणारा रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक. पुढे १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘पोकेमॉन’ हा खेळ आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यावरून पानांचा खेळ निघाला. १९९९ साली तो इंग्रजीत छापून अमेरिकेत आला. २००४ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या. नियम अधूनमधून बदलत गेले, पण गाभा तोच राहिला.

आता खेळ कसा चालतो ते पाहू. कॅट बरोबर ६० पानांचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. पाने तीन जातींची असतात. पहिली पोकेमॉनची, म्हणजे आपले पहिलवान. दुसरी ऊर्जेची, म्हणजे त्या पहिलवानांचा खुराक. तिसरी मदतीची, त्यांना ट्रेनर म्हणतात. एकाच नावाची फार तर ४ पाने घालता येतात. साध्या ऊर्जेच्या पानांना तेवढी ही मर्यादा नाही.

कॅट पिसून प्रत्येकाने ७ पाने उचलायची. त्यांत निदान एक मूळ पोकेमॉन हवाच. मूळ म्हणजे ज्याला थेट मैदानात उतरवता येते तो. तो नसेल तर हात दाखवायचा, पुन्हा पिसायचे आणि पुन्हा सात घ्यायची. अशा प्रत्येक वेळी समोरच्याला एक पान जादा घेता येते. एक पोकेमॉन पुढे लढायला उभा राहतो. मागे बाकावर आणखी पाच बसवता येतात. मग कॅटातली वरची ६ पाने न पाहता पालथी बाजूला ठेवायची. ही बक्षिसाची पाने. समोरचा पोकेमॉन पाडला की आपल्याच बक्षिसांतले एक पान उचलायचे. ध्यानात घ्या, ही पाने आपलीच असतात, दुसऱ्याची नव्हेत. डाव संपला की प्रत्येकाचा कॅट पुन्हा पुरा साठ पानांचा.

आपली पाळी आली की आधी एक पान उचलायचे. मग मूळ पोकेमॉन बाकावर बसवता येतात. पोकेमॉनला ऊर्जेचे पान लावता येते, पण एका पाळीत एकच. आधीच्या पाळीपासून बसलेल्या पोकेमॉनवर त्याच्या मोठ्या रूपाचे पान चढवता येते. मदतीची पाने खेळता येतात. शेवटी हल्ला. हल्ला केला की पाळी संपली. प्रत्येक पोकेमॉनच्या पानावर त्याचा जीव आकड्याने छापलेला असतो आणि झालेली इजा दहादहाने मोजतात. खुणेसाठी चिंचोके ठेवले तरी चालतात. एक चिंचोका म्हणजे दहाची इजा.

जिंकण्याच्या वाटा तीन. सहाही बक्षिसे उचलली, तर डाव आपला. समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही, तरी डाव आपला. आणि पाळीच्या आरंभी त्याला उचलायला कॅटात पानच राहिले नाही, तरीही डाव आपलाच. या तिसऱ्या वाटेकडे नवे खेळाडू लक्ष देत नाहीत आणि फसतात. त्याचा हिशेब पुढे सांगणार आहे.

आता मुख्य विषय, कॅट बांधण्याचा. तुम्ही म्हणाल, “त्यात काय मोठेसे? चांगली चांगली साठ पाने निवडली की झाले.” तसे होत नाही. पानाचा चांगलेपणा एकट्या पानात नसतो. ते वेळेवर हातात येते का आणि आले तर लगेच चालते का, यावर तो ठरतो.

वेळेवर येण्याचा हिशेब आधी करू. कॅटात एखादे पान एकच असेल, तर पहिल्या सात पानांत ते येण्याचा संभव ६० त ७, म्हणजे शेकडा सुमारे १२. तेच पान दोनदा घातले तर शेकडा २२, तीनदा घातले तर ३१ च्या थोडे वर, आणि चारदा घातले तर ४०. जाणते खेळाडू कामाचे पान चार-चार वेळा घालतात ते याच कारणाने. दहा वेगवेगळी भारी पाने एकेक घालणाऱ्याचा कॅट पाहायला सुरेख दिसतो, पण तो दर डावाला वेगळाच निघतो आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय एकुलते एक पान बक्षिसाच्या सहा पानांत अडकण्याचा संभव दहात एक आहे. तेव्हा ज्या पानावाचून डाव अडेल ते एकटे ठेवू नये.

मूळ पोकेमॉन किती घालावेत याचाही हिशेब असाच आहे. ४ च घातले तर शंभरात ६० वेळा पहिला हात रिकामा जातो. ८ घातले तर सुमारे ३५ वेळा, १२ घातले तर १९ वेळा, १६ घातले तर १० वेळा. म्हणजे आरंभीची वाढ फार उपयोगी पडते आणि पुढे पुढे तिचा लाभ कमी होत जातो. बाराचे सोळा केले म्हणजे साठांतल्या चार जागा दिल्या. त्या जागी दुसरे काही अधिक उपयोगाचे होते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

आता दुसरा प्रश्न: पान आले, पण लगेच चालते का? यासाठी १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातली दोन पाने घेऊ. त्या संचात १०२ वेगवेगळी पाने होती आणि त्यांत मुलांचे सर्वांत लाडके पान म्हणजे चारिझार्ड. पंखांचा, आगीचा फूत्कार टाकणारा, चकचकीत छापलेला. जीव १२० आणि एका फटक्यात १०० ची इजा. पाहणाऱ्याला वाटावे, हे पान हातात असल्यावर हार कशी होईल?

पण त्याची वाट पाहा. चारिझार्ड थेट उतरत नाही. आधी चारमँडर हा मूळ पोकेमॉन हवा, त्यावर चारमेलियन, त्यावर चारिझार्ड. तीन वेगळी पाने, त्याच क्रमाने हातात यायला हवीत. फटक्याला ऊर्जेची चार पाने लागतात, आणि पाळीला लावता येते एकच. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी पहिला फटका चौथ्या पाळीला. त्यातही प्रत्येक फटक्यानंतर ऊर्जेची दोन पाने टाकून द्यावी लागतात, म्हणून दुसरा फटका सहाव्या पाळीला आणि तिसरा आठव्या.

आता त्याच संचातला हिटमनचॅन पाहा. हा मुष्टियोद्धा आहे आणि मूळ पोकेमॉन असल्यामुळे थेट उतरतो. जीव ७० च. ऊर्जेचे एक पान लावले की २० ची गुद्दी मारतो आणि तीन लावली की ४० ची. फटक्यापायी काही टाकून द्यावे लागत नाही.

दोघांची वही मांडू. त्या वेळी पहिल्याच पाळीपासून हल्ला करता येत असे. पाळीगणिक ऊर्जेचे एक पान आणि पानाची एक ऊर्जा, असे धरून चालू. हिटमनचॅनची एकूण इजा पाळीवार अशी होते: २०, ४०, ८०, १२०, १६०, २००. चारिझार्डची: शून्य, शून्य, शून्य, १००, १००, २००. पाचव्या पाळीपर्यंत गुद्दीवाला पुढे, सहाव्याला दोघे बरोबर. सातव्याला पुन्हा २४० विरुद्ध २००. आठव्या पाळीला चारिझार्ड ३०० वर जातो आणि तेव्हा कुठे २८० च्या पुढे निघतो. आणि हे सगळे त्याला तिन्ही पाने वेळेवर आली तर. शिवाय समोरच्याचा जीव ५० च असेल, तर शंभराच्या फटक्यातले ५० वायाच जातात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चारिझार्ड एकदा उभा राहिला, तर हिटमनचॅनचे त्याच्यापुढे काही चालत नाही. गुद्दीबाजांच्या फटक्यातले ३० कमी करण्याची सोय त्याच्या पानावर आहे. म्हणजे २० ची गुद्दी फुकट आणि ४० चीही दहावर येते. पण प्रश्न तो उभा राहतो का, हा आहे. चारमँडरचा जीव ५०. वेळेवर चारमेलियन आला नाही, तर तीन गुद्द्यांत तो आडवा. तोवर बिचारे चारिझार्डचे पान मालकाच्या हातात नुसते चमकत बसते.

त्या काळच्या स्पर्धांत ‘हेमेकर’ नावाचा कॅट गाजला, तो याच विचारावर बांधलेला होता. त्यात हिटमनचॅन, इलेक्टबझ असे थेट उतरणारे पोकेमॉन थोडे असत आणि बाकीच्या जागा मदतीच्या पानांनी भरलेल्या असत. पण यावरून मोठे पान वाईट असे समजू नका. त्याच संचातल्या ब्लास्टॉइजचा कॅटही तितकाच नावाजला. तोही तिसऱ्या पायरीचा. पण एकदा बसला की पाण्याच्या पोकेमॉनना एका पाळीत हवी तितकी पाण्याची ऊर्जा लावता येई. ‘पाळीला एकच’ ही जी सर्वांची अडचण, तीच त्याने दूर केली. सारा कॅट मग त्याच्याभोवती बांधला जाई. मोठे पान घ्यावे, पण त्याला वाट करून देणारी पाने बरोबर घ्यावीत.

वाट करून देणारी ही पाने म्हणजे मदतीची पाने. जुन्या संचात ‘बिल’ नावाचे पान होते. खेळले की कॅटातून दोन पाने उचलायची, बस्स. ना चमक, ना जीव, ना फटका. ते साध्या पानांतले, पाकिटांतून वरचेवर निघणारे. मुले ते बाजूला टाकत, आणि जाणते खेळाडू त्याच्या प्रती हौसेने घेत. कारण त्याने कॅट जणू लहान होतो. हवे ते पान लवकर सापडते. ‘प्रोफेसर ओक’ त्याहून जोरदार. हातातली सर्व पाने टाकायची आणि नवी सात उचलायची.

आता मघाशी राहिलेला हिशेब. साठांतून हाताची ७ आणि बक्षिसाची ६ गेली की कॅटात उरतात ४७. चार ओक खेळले तर २८ गेली, चार बिल खेळले तर ८. राहिली ११. पाळीला एक या दराने अकरा पाळ्यांत कॅट रिकामा, आणि बारावीच्या आरंभी हार. बी पेरायचे कुठवर आणि कणगीत राखायचे किती, याचा अंदाज जसा शेतकऱ्याला लागतो, तसा इथे खेळाडूला लागतो. पाने उचलण्यात घाई हवी, पण शेवटचे बक्षीस हाती येईपर्यंत कॅट पुरेल इतकीच.

आजच्या नियमांत हा जोर थोडा बांधून घातला आहे. जो आधी खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही. मदतीच्या पानांचे पोटभेद झाले आहेत, आणि प्रोफेसरसारखी जोरदार पाने पाळीला एकच खेळता येतात. पोकेमॉनही मोठे झाले. काहींचा जीव ३०० च्या वर आहे. पण असा मोठा पडला की समोरच्याला दोन, कधी तीन बक्षिसे मिळतात. म्हणजे तीन दोन-बक्षिशी पहिलवान पडले की डाव आटोपला. त्यामुळे कोणाला पुढे करायचे, कोणाला बाकावर राखायचे आणि जखमी झालेल्याला ऊर्जा खर्चून मागे केव्हा घ्यायचे, यात आजचे डावपेच आहेत. चांगला खेळाडू समोरच्याची उरलेली बक्षिसे सतत मोजत असतो.

नव्याने कॅट बांधणाऱ्याने आरंभी तिन्ही जातींची वीस-वीस पाने घ्यावीत. मग दहा डाव खेळावेत आणि प्रत्येक डावानंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात: कोणते पान हातात पडून राहिले, आणि कशाची वाट पाहत डाव गेला. जे पडून राहिले ते काढावे, ज्याची वाट पाहिली ते वाढवावे. असे करत गेले की बहुधा ऊर्जेची पाने कमी होतात आणि मदतीची पाने निम्म्यावर जातात. एका वेळी एक-दोनच पाने बदलावीत. दहा बदलली तर गुण कशाने आला ते कळायचे नाही.

आता पैशाची गोष्ट. ही पाने बंद पाकिटांतून विकली जातात. उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. खऱ्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात खूण असते: गोल म्हणजे साधे, चौकटीसारखी खूण म्हणजे थोडे कमी मिळणारे, चांदणी म्हणजे दुर्मीळ. चांदणीच्या आशेने मूल पाकिटामागून पाकीट फोडत जाते. जत्रेतले सोरट आणि हे, यांत फार अंतर नाही. त्यातून बाजारात नकली पानांचाही सुळसुळाट आहे. कागद पातळ, अक्षरे चुकलेली, आणि जिवाचे आकडे मनाला येतील तसे. अशा पानांनी खेळ मांडताही येत नाही.

तेव्हा मुलाला “पाने फेक” म्हणण्यापेक्षा विचारावे, “तुझा कॅट कुठे आहे? हे पान त्यात कोणाच्या जागी बसणार?” उत्तर देता आले तर ते पान त्याच्या कामाचे. देता आले नाही तर पाकीट घेण्याची गरज नाही. शिकण्यासाठी पाने विकत घ्यायलाही नकोत. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे साठ तुकडे कापा, त्यांवर नावे, जीव आणि फटके लिहा, आणि डाव मांडा. स्पर्धेत अशी पाने चालत नाहीत, आणि खरी म्हणून ती कोणाला देऊही नयेत. पण सरावाला ती पुरतात. शाळेत दोन नियम मात्र कडक असावेत. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे पान घ्यायचे नाही. आणि मोठ्या मुलाने लहानाशी अदलाबदल करायची ती दोघांच्या घरी सांगून.

नववी-दहावीच्या गुरुजींना आणि बाईंना यातून एक धडाच मिळेल. साठ चिठ्ठ्या करा, बारांवर फुली मारा. वीस मुलांनी प्रत्येकी पाच वेळा सात-सात चिठ्ठ्या उचलायच्या. दर वेळी त्या परत टाकून नीट मिसळायच्या. शंभर हात झाले की फुली नसलेले हात मोजा. ते एकोणिसाच्या आसपास येतील. नेमके एकोणीस येतीलच असे नाही, आणि का नाही हेही मुलांशी बोला. मग फळ्यावर ४८/६० गुणिले ४७/५९ असे सात अपूर्णांक शेवटच्या ४२/५४ पर्यंत मांडा आणि गुणाकार करा. संभाव्यता हा शब्द ज्यांना पुस्तकात जड वाटतो, त्यांना तो चिठ्ठ्यांतून सहज समजेल.

पत्त्यांत नशीब असतेच. या खेळातही आहे. पण इथे नशिबाला किती जागा द्यायची, ते बरेचसे आपण ठरवतो. पाकिटातून काय निघेल ते आपल्या हाती नाही. साठ जागांवर काय बसवायचे ते आहे. मुलांना हा फरक एवढा कळला, तरी त्या पानांवरचा खर्च आटोक्यात येईल आणि खेळाची गोडी वाढेल.